इन्स्टॉल केलेली सर्व्हिस लगेच आपोआप सुरू व्हावी का? डेबियन सर्व्हरबाबत मत हवे आहे

सुवर्णदुर्ग

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयातील संगणकांचे काम मी पाहतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि कार्यालयात फारशी वर्दळ नसते, म्हणून सर्व्हर बदलण्याचे काम आम्ही याच दिवसांत काढले आहे. सभासदांची खाती, नौकानिहाय डिझेलचा हिशेब आणि परताव्याची कागदपत्रे आजवर एका जुन्या विंडोज संगणकावर होती. ती आता डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर न्यायची आहेत. त्यासाठी डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस, वेब सर्व्हर म्हणून अपाचे, फाइल शेअर करण्यासाठी साम्बा आणि छपाईसाठी कप्स एवढे इन्स्टॉल करायचे ठरले आहे.

यापूर्वी मी मुंबईत रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर काम करीत होतो. तेथे पॅकेज (सॉफ्टवेअरचा तयार संच) इन्स्टॉल केले तरी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, निपचित पडून राहत असे. कॉन्फिगरेशन फाइल नीट लिहायची, मग आपल्या हाताने सर्व्हिस सुरू करायची आणि बूटच्या वेळी ती सुरू व्हावी यासाठी वेगळी कमांड द्यायची, अशी सवय लागली होती. चाचणीसाठी घेतलेल्या संगणकावर डेबियनमध्ये अपाचे इन्स्टॉल केले, तेव्हा मी एकही फाइल उघडण्यापूर्वीच ते ८० क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडणीच्या दारावर) उत्तर देऊ लागले होते, आणि साम्बाचेही तसेच झाले. माझ्या परवानगीवाचून एखादा प्रोग्रॅम नेटवर्कवर कान देऊन बसतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करणारी वाटते.

दोन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. तत्त्व म्हणून कोणती पद्धत अधिक योग्य? आणि आमच्यासारख्या लहान कार्यालयात, जेथे पुढेमागे माझ्या गैरहजेरीत संस्थेचे लिपिकच एखादे पॅकेज इन्स्टॉल करतील, तेथे हे आपोआप सुरू होणे सरसकट बंद करून ठेवावे काय? पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि यूपीएस फार वेळ तग धरीत नाही, हेही उत्तर देताना कृपया ध्यानात घ्यावे.

---

देवगडकर

डेबियनची ही पद्धत निष्काळजीपणातून आलेली आहे असा पुष्कळांचा समज असतो, म्हणून तिच्या मागचा विचार आधी मांडतो.

डेबियनची किमान मांडणी इन्स्टॉल केली, तर बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहणारे तिच्यात जवळजवळ काहीच नसते. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूने तर सुरुवातीच्या मांडणीत कोणतेही पोर्ट उघडे नसावे हा नियमच करून ठेवला आणि त्याला मोजकेच अपवाद मान्य केले. अशा स्थितीत एखाद्याने अपाचेचे नाव स्वतः टाइप करून ते मागवले, तर त्याला वेब सर्व्हर चालवायचा आहे असे मानणे वावगे नाही. न चालवण्यासाठी वेब सर्व्हर इन्स्टॉल करणारे लोक असतात, पण ते थोडे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पॅकेज तयार करणाऱ्यावर पडणाऱ्या जबाबदारीचा आहे. आपले पॅकेज इन्स्टॉल होताक्षणी चालू लागणार हे त्याला ठाऊक असल्यामुळे, कोणीही हात न लावता ते सुरक्षितपणे चालेल अशी मूळ मांडणी देणे त्याला भाग पडते. पोस्टग्रेसचेच पाहा. डेबियनमध्ये इन्स्टॉल होताना डेटाबेसचा एक क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या डेटाबेसांचा संच) आपोआप तयार होतो, तो ५४३२ पोर्टवर फक्त त्याच संगणकातून येणाऱ्या जोडण्या स्वीकारतो, आणि स्थानिक जोडणीसाठी लिनक्समधील वापरकर्त्याची ओळख हीच डेटाबेसमधील ओळख धरली जाते. मारियाडीबी हा दुसरा डेटाबेसही १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या, पत्त्यापुरताच ऐकतो, आणि एक्झिम हा मेल सर्व्हर सोबत आला तरी तो सुरुवातीला स्थानिक मेलपुरताच असतो. ‘सुरू करण्यापूर्वी माणूस फाइल वाचेलच’ असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेत अर्धवट फाइल देऊन मोकळे होण्याचा मोह पॅकेज करणाऱ्याला होऊ शकतो, आणि प्रत्यक्षात ती फाइल कोणी वाचत नाही.

आणखी एक लाभ असा की, सर्व्हिस सुरू होण्यात काही अडचण असेल तर ती इन्स्टॉल करतानाच, माणूस पडद्यासमोर बसलेला असताना कळते. समजा, अपाचे चालू असताना कोणी एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर इन्स्टॉल केला आणि दोघांनाही ८० चाच पोर्ट हवा असेल, तर तंटा त्याच वेळी उघड होतो.

तेव्हा सुवर्णदुर्ग साहेब, सरसकट बंद करण्याच्या मी विरुद्ध आहे.

---

खारेपाटण

देवगडकर यांनी डेबियनची बाजू नेटकी मांडली आहे, परंतु ‘नाव टाइप केले म्हणजे चालवायचे आहे’ या एका पायावर सगळी इमारत उभी आहे आणि तो पाया जागोजागी खचलेला आहे.

मागवलेल्या पॅकेजबरोबर न मागवलेली पॅकेजेही येतात. डेबियनमध्ये शिफारस केलेली पॅकेजे आपोआप सोबत इन्स्टॉल होतात. सुवर्णदुर्ग यांना छपाईसाठी कप्स हवे आहे. त्याच्या सोबत शिफारशीने कप्स-ब्राउझ्ड ही सर्व्हिस येते, जी नेटवर्कवरील प्रिंटर शोधून यादीत घालण्याचे काम करते. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्रुटींमध्ये हीच सर्व्हिस मुख्य होती. सीव्हीई-२०२४-४७१७६ या क्रमांकाची त्रुटी अशी होती की, ही सर्व्हिस यूडीपी या नेटवर्क-पद्धतीच्या ६३१ पोर्टवर संगणकाच्या सर्व पत्त्यांवर ऐकत असे आणि कोणाकडूनही आलेल्या पॅकेटवर विश्वास ठेवून, त्यात सांगितलेल्या ठिकाणी प्रिंटरची माहिती विचारायला जात असे. सोबतच्या इतर त्रुटी जोडल्या की बनावट प्रिंटर यादीत घुसवता येई, आणि त्यावर कोणी काही छापायला पाठवले की हल्लेखोराची आज्ञा त्या संगणकावर चाले. ज्यांच्या संगणकावर ती उघडी होती, त्यांपैकी किती जणांनी कप्स-ब्राउझ्ड हे नाव कधी टाइप केले असेल?

जुना इतिहासही हेच सांगतो, आणि गंमत म्हणजे त्या काळी दोषी बाजूला रेड हॅट होते. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) रेड हॅट ६.२ आणि ७.० असलेल्या संगणकांवर पसरला, तो डब्ल्यूयू-एफटीपीडी, आरपीसी-स्टॅटडी आणि एलपीआरएनजी या सर्व्हिसेसमधील त्रुटींच्या वाटेने. इंटरनेटवर आपण एफटीपी किंवा छपाईची सर्व्हिस उघडी ठेवली आहे याची पुष्कळांना कल्पनाही नव्हती. विंडोजच्या जगात २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर हा असाच वर्म आला. तो अवघा ३७६ बाइटचा होता, यूडीपीच्या १४३४ पोर्टवरून शिरत होता, आणि तो थोपवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिलेला होता. तरीही तो काही मिनिटांत जगभर पोहोचला, त्याचे एक कारण असे की, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचे लहान रूप असलेले एमएसडीई दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरबरोबर इन्स्टॉल होऊन निमूट चालू राहिलेले होते. जी सर्व्हिस आपल्याकडे आहे हेच ठाऊक नाही, तिला पॅच कोण लावणार?

आजच्या रेड हॅट आणि तिच्याशी निगडित फेडोरात सिस्टिमडीच्या (सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) प्रीसेट, म्हणजे आगाऊ ठरवलेल्या निवडींच्या, फाइल्स असतात. ९० क्रमांकाच्या फाइलमध्ये ज्या सर्व्हिसेस बूटच्या वेळी सुरू व्हाव्यात त्यांची नावे असतात, आणि ९९ क्रमांकाच्या फाइलमध्ये ‘उरलेले सर्व बंद’ अशा अर्थाची एक ओळ असते. सिस्टिमडीची स्वतःची रीत मात्र उलट आहे. प्रीसेटमध्ये काहीच लिहिले नसेल तर ती सर्व्हिस सुरू ठेवण्याच्याच बाजूने कौल देते. म्हणजे ही ओळ फेडोराने समजून-उमजून घातली आहे. कोणती सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी हा निर्णय तेथे शेकडो पॅकेज करणाऱ्यांच्या मर्जीवर न सोडता एका जागी आणला आहे, आणि मला त्यातले शहाणपण पटते. ‘काहीच सुरू करत नाही’ असे मात्र समजू नये; दुरून लॉगिन करण्याची एसएसएच, वेळ जुळवणारे क्रोनी आणि फायरवॉल ही मंडळी रेड हॅटच्या सर्व्हरवर पहिल्यापासून चालू असतात.

फायरवॉल हा शब्द आलाच आहे तर तेही सांगतो. रेड हॅटवर फायरवॉल-डी सुरुवातीपासून चालू असते, त्यामुळे तेथे कोणी वेब सर्व्हर सुरू केला तरी पोर्ट उघडेपर्यंत तो बाहेरून दिसत नाही. डेबियनमध्ये सर्व्हिस लगेच सुरू होते आणि फायरवॉलचे नियम मात्र कोरे असतात. यांपैकी एक गोष्ट असती तर मी तक्रार केली नसती.

विहिरीवर पंप बसवणारा वायरमन पाइप जोडण्याआधी बटण दाबून निघून जात नाही. इन्स्टॉल आणि कॉन्फिगर यांच्यामधली दहा मिनिटे ज्याच्या संगणकाची आहेत, त्याच्याच हाती बटण असावे.

---

मांडवी

रत्नागिरीत एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व्हर मी सांभाळते. वरील दोघांच्या तत्त्वचर्चेत मला फारसे पडायचे नाही. सुवर्णदुर्ग यांनी विजेचा जो उल्लेख केला आहे, त्यावर मात्र कोणी बोलले नाही, आणि कोकणात खरा प्रश्न तेथेच उभा राहतो.

‘आपोआप सुरू होणे’ या शब्दांत दोन वेगळे निर्णय एकत्र बांधले गेले आहेत. इन्स्टॉल होताच सर्व्हिस आत्ता सुरू व्हावी का, हा एक. आणि संगणक पुन्हा बूट झाल्यावर ती आपसूक सुरू व्हावी का, हा दुसरा. सिस्टिमसीटीएल या सिस्टिमडीच्या कमांडमध्ये यांना अनुक्रमे ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ म्हणतात, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. डेबियन दोन्ही करते, रेड हॅट बहुतेक सर्व्हिसेससाठी एकही करीत नाही. ज्या कार्यालयात सर्व्हर महिनोन्महिने बंद पडत नाही, तेथे दुसऱ्या निर्णयाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात वीज वारंवार जाते. शिवाय वीज परत येताच संगणक स्वतःहून चालू व्हावा अशी सेटिंग बहुतेकांनी बायोसमध्ये करून ठेवलेली असते. त्यामुळे दुसरा निर्णय आपल्याकडे आठवड्याला अमलात येतो.

यातून दोन्ही बाजूंनी घात होतो. रेड हॅटच्या रीतीने वागणारा माणूस सर्व्हिस हाताने सुरू करतो, ती चालते, तो समाधानाने घरी जातो. ‘इनेबल’ करायचे राहून गेलेले असते. रात्री वीज जाऊन येते आणि सकाळी कार्यालय उघडल्यावर डेटाबेस बंद. उलट डेबियनवर एखादी सर्व्हिस नको म्हणून नुसती थांबवलेली असते, आणि वीज आल्यावर ती पुन्हा हजर होते.

आता आपोआप सुरू होणे रोखायचे कसे, ते सांगते. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी जो उपाय दिलेला असतो तो पॉलिसी-आरसी.डी या स्क्रिप्टचा. यूएसआर-एसबिनमध्ये या नावाची, चालवता येईल अशी फाइल ठेवायची आणि तिने १०१ हा क्रमांक परत करून बाहेर पडायचे, एवढेच तिच्यात लिहायचे. पॅकेजची इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट सर्व्हिस सुरू करण्यापूर्वी या फाइलला विचारते, आणि १०१ चा अर्थ ‘मनाई आहे’ असा असल्यामुळे सर्व्हिस सुरू होत नाही. डॉकर या बंदिस्त कप्प्यांत प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनासाठी डेबियनची जी मूळ इमेज मिळते तिच्यातही हीच युक्ती असते.

पण ही मनाई ‘इनेबल’ला लागू होत नाही. ‘इनेबल’ करण्याचे काम वेगळ्या वाटेने होते आणि ते पॉलिसी-आरसी.डीला विचारीत नाही. परिणामी इन्स्टॉल केल्यावर सर्व्हिस बंद दिसते, आपण निर्धास्त होतो, आणि वीज जाऊन आली की तीच सर्व्हिस, अजून कोऱ्याच कॉन्फिगरेशनसह, नेटवर्कवर हजर असते. बंदिस्त डेटा सेंटरमधल्या माणसाला हा सापळा वर्षभर दिसणार नाही. आपल्याला मृगाच्या पहिल्या पावसात दिसतो.

म्हणून मी मास्कचा मार्ग घेते. सिस्टिमसीटीएलची ‘मास्क’ ही आज्ञा सर्व्हिसच्या नावाचा दुवा डेव्ह-नल या पोकळीकडे वळवते, आणि मग ती सर्व्हिस हाताने, बूटने, दुसऱ्या सर्व्हिसच्या गरजेपोटी, कोणत्याही मार्गाने सुरू होऊ शकत नाही. विशेष सोयीची गोष्ट अशी की, पॅकेज अजून इन्स्टॉल झालेले नसतानाही मास्क करता येते; अशी सर्व्हिस अस्तित्वात नाही असा इशारा मिळतो, पण काम होते. साम्बासाठी एसएमबीडी आणि एनएमबीडी ही दोन्ही नावे आधी मास्क करावीत, मग पॅकेज इन्स्टॉल करावे, कोणत्या नेटवर्क कार्डावर ऐकायचे ते फाइलमध्ये लिहावे, आणि सर्व पाहून झाल्यावर मास्क काढावा. अपाचेसाठी हेच करावे. मास्क काढल्यानंतर सर्व्हिस ‘इनेबल’ आहे की नाही हे एकदा विचारून घ्यावे, अंदाजावर राहू नये.

पोस्टग्रेससाठी मास्क करू नका, कारण तेथे पोस्टग्रेस नावाची सर्व्हिस ही केवळ छत्रीसारखी असून प्रत्येक क्लस्टरची सर्व्हिस वेगळी असते. आधी पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन हे पॅकेज एकटे इन्स्टॉल करावे, त्याच्या क्रिएटक्लस्टर नावाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मुख्य क्लस्टर तयार करण्याची ओळ ‘फॉल्स’ करावी, आणि नंतर मूळ पॅकेज घ्यावे. मग डेटा कोणत्या डिस्कवर ठेवायचा हे ठरवून क्लस्टर आपल्या हाताने तयार करता येतो. प्रत्येक क्लस्टरच्या स्टार्ट.कॉन्फ फाइलमध्ये ‘ऑटो’, ‘मॅन्युअल’ किंवा ‘डिसेबल्ड’ यांपैकी एक शब्द असतो. तुमच्या डिझेलच्या हिशेबाच्या क्लस्टरसाठी तेथे ‘ऑटो’च असू द्या.

मारियाडीबीसारख्या काही पॅकेजेसना याहून सोपा उपाय आहे. त्यांच्या कॉन्फिगरेशनच्या ‘.डी’ डिरेक्टरीत आपली छोटी फाइल इन्स्टॉल करण्याआधीच ठेवली, तर सर्व्हिस पहिल्यांदाच आपल्या सेटिंगनुसार सुरू होते, आणि खारेपाटण यांच्या दहा मिनिटांचा प्रश्नच उरत नाही.

---

सुवर्णदुर्ग

मांडवीताई, ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ हे दोन वेगळे निर्णय आहेत हे मला माहीत होते, परंतु पॉलिसी-आरसी.डीच्या बाबतीत त्याचा असा परिणाम होईल हे ध्यानात आले नव्हते. चाचणीच्या संगणकावर ती फाइल ठेवून अपाचे इन्स्टॉल केले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि आपण म्हणता तसेच झाले.

आता लिपिकांचा प्रश्न उरतो. ते इंटरनेटवर वाचून एखादे पॅकेज इन्स्टॉल करतील तेव्हा आधी मास्क करणार नाहीत. अशा वेळी, बूटच्या वेळचा धोका मान्य करूनही, पॉलिसी-आरसी.डी कायमची ठेवून दिली तर काही अंशी तरी संरक्षण मिळेल ना?

---

देवगडकर

कायमची मुळीच ठेवू नका. ती फाइल केवळ ‘स्टार्ट’ला नाही म्हणत नाही, अपग्रेडच्या वेळी होणाऱ्या ‘रीस्टार्ट’लाही नाही म्हणते. साम्बात त्रुटी सापडली, नवीन पॅकेज आले, तुम्ही ते इन्स्टॉल केले, पडद्यावर सर्व ठीक दिसले, पण मनाई असल्यामुळे जुनी प्रक्रिया जुन्याच कोडसह मेमरीत चालू राहिली, असे होते. डिस्कवर पॅच आहे आणि चालू सर्व्हिसमध्ये नाही, ही स्थिती ओळखायला फार अवघड असते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची हार्टब्लीड त्रुटी जाहीर झाली तेव्हा लायब्ररी अद्ययावत करणे पुरेसे नव्हते, ती वापरणारी प्रत्येक सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागत होती. नीडरीस्टार्ट हे पॅकेज जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या प्रक्रिया दाखवते. ते मात्र अवश्य घ्या.

ती फाइल ठेवायचीच असेल तर सरसकट १०१ परत करू नका. स्क्रिप्टला सर्व्हिसचे नाव आणि हवी असलेली कृती ही दोन्ही कळवली जातात, त्यामुळे ‘रीस्टार्ट’ला होकार आणि अनोळखी सर्व्हिसच्या ‘स्टार्ट’ला नकार असे लिहिता येते. तरीही काही पॅकेजे अपग्रेड करताना सर्व्हिस आधी थांबवून मग सुरू करतात, हे लक्षात ठेवून आपल्या कायमच्या सर्व्हिसेसना सर्व कृतींसाठी मोकळीक द्यावी.

तुम्ही एखादी सर्व्हिस ‘डिसेबल’ करून थांबवली असेल, तर अपग्रेडच्या वेळी डेबियन ती पुन्हा सुरू करीत नाही. सर्व्हिस डिसेबल्ड असल्यामुळे सुरू करीत नाही अशा अर्थाची ओळ पडद्यावर येते. माणसाचा एकदा झालेला निर्णय डेबियन पाळते. पहिल्या वेळी तो निर्णय कोणी करायचा एवढ्यापुरताच आपला वाद आहे.

शिफारशीने येणाऱ्या पॅकेजेसबाबत खारेपाटण यांचे म्हणणे मला मान्य आहे. न मागवलेल्या सर्व्हिसला माझा ‘नाव टाइप केले’ हा युक्तिवाद लागू पडत नाही. सर्व्हरवर ॲप्ट या पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या साधनाच्या सेटिंगमध्ये शिफारशी बंद करून ठेवाव्यात. मग लिपिकांनी कप्स मागवले तर कप्सच येईल. स्वतःहून मागवलेल्या सर्व्हिसबाबत मात्र माझे मत बदललेले नाही.

---

खारेपाटण

मत बदलावे असा आग्रह नाही. परंतु स्वतः मागवलेल्या सर्व्हिसमध्येही एसएसएच येते, आणि तिचे उदाहरण देवगडकर यांच्या यादीत नव्हते. डेबियनवर ओपनएसएसएच सर्व्हर इन्स्टॉल होताच तो २२ पोर्टवर सर्व पत्त्यांवर ऐकू लागतो. रूटला (मुख्य प्रशासकाला) पासवर्डने आत येऊ देत नाही हे खरे, पण इतर वापरकर्त्यांचे पासवर्ड चालतात. कार्यालयातील संगणकावर ‘ऑफिस’ नावाचा वापरकर्ता आणि त्याच नावाचा पासवर्ड असेल, तर पॅकेज करणाऱ्याची सुरक्षित मांडणी तेथे काय करणार? पॅकेजला पासवर्ड दिसत नाहीत.

सुवर्णदुर्ग, तुमच्या लिपिकांच्या प्रश्नाला माझे उत्तर फायरवॉल हे आहे. पहिली सर्व्हिस इन्स्टॉल करण्याआधी एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचे नियम लिहा: बाहेरून येणारे सर्व बंद, कार्यालयाच्या नेटवर्कमधून २२, ८० आणि साम्बाचा ४४५ एवढेच उघडे. नियम लिहून एनएफटेबल्सची सर्व्हिस ‘इनेबल’ करायला विसरू नका, नाहीतर वीज आल्यावर फायरवॉलच गायब. त्यानंतर लिपिकांनी काहीही इन्स्टॉल केले आणि ते तत्काळ सुरू झाले तरी ते ऐकत बसेल, पण त्याला कोणाचे काही ऐकू येणार नाही.

राउटरच्या मागे आहोत म्हणून निर्धास्त राहू नये, हेही सांगून ठेवतो. आयपीव्ही-६ (नव्या प्रकारचे इंटरनेट पत्ते) मिळत असेल तर प्रत्येक संगणकाला जगाच्या नजरेत येईल असा पत्ता असतो, आणि मग मधले संरक्षण राउटरची फायरवॉल जेवढे देईल तेवढेच. नियम लिहिताना ‘इनेट’ हा प्रकार वापरलात तर एकाच तक्त्यात दोन्ही प्रकारच्या पत्त्यांचा बंदोबस्त होतो.

---

सुवर्णदुर्ग

सर्वांचे आभार. मी असे ठरवले आहे: प्रथम एनएफटेबल्स, मग ॲप्टमधील शिफारशी बंद, मग साम्बा आणि अपाचे मास्क करून, पोस्टग्रेस क्लस्टरशिवाय, आणि कप्स एकटे. पॉलिसी-आरसी.डी ठेवणार नाही. लिपिकांना इन्स्टॉलची परवानगी द्यावी की नाही हे संचालक मंडळ ठरवील. मी न देण्याची शिफारस केली आहे, ती मान्य होईल अशी आशा नाही.

एकच शंका. नौका १ ऑगस्टला बाहेर पडतील आणि त्याआधीच डिझेलसाठी गर्दी सुरू होईल, म्हणजे जुलैअखेर सर्व काही चालू हवे. सर्व सर्व्हिसेस नीट ‘इनेबल’ झाल्या आहेत हे एकेक नाव विचारून तपासण्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे काय?

---

मांडवी

आहे. एसएस या कमांडला टी, यू, एल, पी आणि एन हे पर्याय देऊन सध्या कोणती प्रक्रिया कोणत्या पोर्टवर ऐकत आहे याची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्या. नंतर एका शांत दुपारी सर्व वापरकर्त्यांना बाहेर काढा, बॅकअप घ्या, डिस्कवरचे लिखाण पूर्ण होऊ द्या आणि सर्व्हर नेहमीच्या कमांडने बंद करा. मग त्याची मुख्य वीज काढा, थोड्या वेळाने परत द्या, आणि पॉवरच्या बटणाला हात लावू नका. बायोसची सेटिंग बरोबर आहे की नाही हे तेव्हाच कळेल. काही जुन्या बोर्डांवर ‘पूर्वीची स्थिती’ असा पर्याय निवडलेला असतो आणि नीट बंद केलेला संगणक तेथे बंदच राहतो. तसे झाले तर पर्याय बदलून ‘नेहमी चालू’ करा आणि पुन्हा करून पाहा.

संगणक वर आला की तीच यादी पुन्हा काढून पहिल्या यादीशी ताडून पाहा. जे आधी होते आणि आता नाही, ते ‘इनेबल’ करायचे राहिले आहे किंवा सुरू होताना पडले आहे. पडलेल्यांची नावे सिस्टिमसीटीएलला ‘फेल्ड’चा पर्याय देऊन मिळतात. जे आधी नव्हते आणि आता आहे, ते कोठून आले याचा शोध घेतल्याशिवाय सर्व्हर कामाला लावू नका. एखादी सर्व्हिस नेटवर्क कार्डाला पत्ता मिळण्याआधीच सुरू होऊन पडत असेल, तर तेही याच वेळी दिसेल. अपाचेला विशिष्ट पत्त्यावर ऐकायला सांगितले असेल आणि तो पत्ता राउटरकडून मिळत असेल, तर हा प्रकार हमखास होतो, कारण वीज आल्यावर राउटरला सर्व्हरपेक्षा अधिक वेळ लागू शकतो. सर्व्हरला स्थिर पत्ता देऊन टाका.